जरा वर लागतोय

नव्या पियानोला घरातल्या कुणीच नावं ठेवली नाहीत, तेव्हाच वहिनींच्या मनात पाल चुकचुकली. नावं ठेवण्यात या घराचा हात कुणी धरला नसता. सभागृहाला नवे पडदे आले तेव्हा आक्का म्हणाल्या होत्या की हे आवाज गिळतात. नव्या खुर्च्या आल्या तेव्हा दंतवैद्य म्हणाले होते की पाठीला वाईट असल्या तरी माझ्या धंद्याला बऱ्या आहेत, माणूस दातओठ खात बसतो. आणि आता चार हमालांनी ते काळं चकचकीत धूड मंचावर आणून ठेवलं होतं, तर तालमीला जमलेली सगळी मंडळी आपापल्या बुटांकडे बघत होती. दाराजवळच्या टेबलाशी तिकिटांच्या गड्ड्या लावत बसलेल्या वहिनींना हे सगळं नीट दिसत होतं.

वाद्यवृंद सुरू होण्याआधी ओबो एक लांब सूर देतो आणि बाकीचे आपापली वाद्यं त्याला जुळवून घेतात. ओबो म्हणजे सनईची शिष्ट चुलतबहीण. या वाद्यवृंदात तो सूर आक्का देत, आणि ऐन तारुण्यापासून देत आल्या होत्या. जगभर तो बसून देतात, आक्का उभं राहून देत. वर्षअखेरच्या सुट्टीतल्या मैफलीला येणारी निम्मी माणसं त्या एका सुरासाठीच वेळेवर येतात, असं त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे दंतवैद्य, म्हणत असे. तो स्वतः मागच्या रांगेत डबल बेस, म्हणजे माणसाएवढं उंच व्हायोलिन, वाजवी.

आक्का उभ्या राहिल्या, त्यांनी सूर दिला. मग पियानोवादकाने तोच सूर नव्या पियानोवर दाबला. दोघांच्या मध्ये एक माणूस आडवा झोपला असता, एवढी फट होती. कुणीतरी खोकलं. वाद्यवृंद चालवणाऱ्या मास्तरांनी, म्हणजे आक्कांच्या मधल्या भावाने आणि वहिनींच्या नवऱ्याने, हातातली छडी खाली ठेवली आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली, तेव्हा जेवणवेळेला बराच अवकाश होता.

हे सगळं तात्यांनी करून ठेवलेलं. तात्या म्हणजे या तिघा भावंडांचे वडील, सुट्टीतली मैफल सुरू करणारे. पहिल्या वर्षी सभागृहातला पियानो एवढा म्हातारा निघाला की तारा खऱ्या सुरापर्यंत ताणल्या की तुटायच्या. पियानो वर येत नसेल तर आपण खाली जाऊ, असं तात्या म्हणाले आणि अख्खा वाद्यवृंद त्यांनी जवळपास अर्ध्या सुराने खाली उतरवला, फक्त त्या एका सुट्टीपुरता. पुढच्या सुट्टीतही पियानो तोच होता. मग फुंकणाऱ्यांनी नळ्या लांब केल्या, घरातला पियानोही खाली उतरला, आणि आक्कांच्या ओबोची ओठांत धरायची रीड ज्या धातूच्या नळीवर बांधतात ती नळीच तात्यांनी मुद्दाम लांब करवून घेतली. घरातली पोरं त्याच सुरात रांगली. त्याला नाव पडलं 'घरचा सूर'. पाहुणे वादक कुरकुरत, पण गावाचे कान तयार झाले होते. परगावी एखादी मैफल ऐकून आलेली माणसं म्हणायची, छान होते, पण जरा किंचाळत होते.

*

घरी जेवणाच्या टेबलाशी मास्तर आपल्या नेहमीच्या जागी बसले आणि ताटात बघत राहिले. पियानो येणार हे त्यांना बरेच महिने माहीत होतं. सभागृहाच्या मंडळाने विचारलं तेव्हा हो त्यांनीच म्हटलं होतं. मुलीला, म्हणजे धाकटीला, फोन करून तयारीने ये असंही त्यांनी सांगितलं होतं. धाकटीही ओबोच वाजवते, परगावच्या मोठ्या वाद्यवृंदात. मोठ्या बहिणीला, म्हणजे आक्कांना, मात्र त्यांनी एका शब्दाने कळू दिलं नव्हतं. साठ वादकांना एका छडीने उठवणारा-बसवणारा हा माणूस आक्कांपुढे कायम शाळेतला पोरगा होता, आणि हे त्यांना स्वतःला पक्कं ठाऊक होतं.

"कधीपासून माहीत होतं तुला?" आक्कांनी विचारलं.

मास्तरांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. उत्तर मिळालं, असं आक्कांनी समजून घेतलं.

दंतवैद्य मध्ये पडले. त्यांचं म्हणणं, आज ना उद्या हे होणारच होतं. सगळं जग वरच्या मजल्यावर राहतं आणि आपण तात्यांच्या आज्ञेने तळघरात. आता जिना मिळालाय तर चढायला काय हरकत आहे. धाकटीने काकाची री ओढली. ती म्हणाली, आत्याने सूर द्यावा की मी द्यावा हा मुद्दाच नाही, सूर खरा असावा एवढंच आहे. मग तिला राहवलं नाही.

"माझा विद्यालयातला पहिला दिवस आठवतोय मला. सरांनी सगळ्यांसमोर सूर द्यायला सांगितला. मी घरचा दिला. ते म्हणाले, घरी कुणाला बरं नाही का? सगळे हसले. कान सरळ व्हायला मला दोन वर्षं लागली, आत्या. झोपेतसुद्धा खाली जायचा."

आक्कांनी पुढचा घास घेतला. त्या स्वतः विशीत असताना अशाच एका मोठ्या वाद्यवृंदाच्या परीक्षेला गेल्या होत्या आणि दुसऱ्याच दिवशी परत आल्या होत्या. तात्यांची तब्येत बिघडली म्हणून आली, असं घरात सांगितलं जाई. तात्या त्या वर्षी ठणठणीत होते.

धाकटीला वाटलं, आत्या ऐकूनच घेत नाही. त्या रागात तिच्या तोंडून जे निघू नये ते निघालं. नवे दात बसवल्यापासून आत्याला सूर तसाही फार वेळ धरता येत नाही, काकानेच सांगितलं, असं ती म्हणाली.

टेबलावरचे सगळे चमचे थांबले. आक्कांनी धाकट्या भावाकडे बघितलं. त्यांची वरची कवळी त्यानेच बनवली होती, दवाखान्याचा दरवाजा लावून घेऊन आणि कुणाला सांगणार नाही असं वचन देऊन. दंतवैद्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं भरतं, हा त्यांचा आवडता विनोद. आज त्यांना कुठलाच विनोद सुचला नाही. शरमेच्या भरात त्यांनी एकदम बाजू बदलली. म्हणाले, पियानोच परत पाठवा, नाहीतर पियानोशिवाय मैफल करा, आक्काशिवाय मैफल कसली. मास्तर म्हणाले, मघाशी तळघर कोण म्हणत होतं. दोघे भाऊ एकमेकांवर आवाज चढवून बोलू लागले, आणि त्या गडबडीत मास्तरांना आक्कांकडे न बघता निर्णय सांगून टाकता आला. उद्या संध्याकाळचा सूर पियानोला मिळणारा हवा. आक्का तो देऊ शकली तर नेहमीसारखी तीच उभी राहील, नाहीतर धाकटी देईल.

धाकटीला आता आपल्याच बोलण्याची लाज वाटत होती. तिने समेटासाठी खिशातून फोन काढला, त्यावरचं सूर मोजायचं यंत्र सुरू केलं आणि आत्यापुढे सरकवला. यात सूर ऐकूही येतो, आणि आपण वाजवला की सुई दाखवते, सुई मधोमध आली की झालं.

"सुई बघून मी काजं शिवते," आक्का म्हणाल्या. "सूर लावत नाही."

फोन तसाच टेबलावर एक लांब, सपाट सूर धरून राहिला. वहिनी मागच्या बाजूला भांडी गोळा करत होत्या. या भांडणात त्यांना कुणी मत विचारलं नव्हतं, आणि विचारतील अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. हातातला वाडगा त्यांनी हळूच खाली ठेवला.

"हा तर माझा सूर," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी वळून बघितलं. "काय म्हणतेस?"

"मी त्या दिवशी इथूनच सुरू केलं होतं."

कुठल्या दिवशी, ते त्यांच्या नवऱ्याला कळलं नाही. आक्कांना कळलं.

धाकटीने फोनचा आवाज बंद केला, यंत्र ऐकायला लावलं आणि आईला म्हणाली, आई, परत म्हण. वहिनी म्हणाल्या, मला कुठे येतं, या घरात सगळ्यांना माहीत आहे. पण म्हणता म्हणता त्यांच्या गळ्यातून तो सूर निघाला, हलका, कुणाच्या लक्षातही येऊ नये असा. फोनवरची सुई मधोमध जाऊन उभी राहिली आणि हलली नाही. दंतवैद्य हसायला लागले आणि अर्ध्यावर थांबले. वहिनींनी ताटं उचलली आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

*

वहिनींच्या माहेरी अकॉर्डियन दुरुस्त करण्याचं दुकान होतं. त्यातल्या पट्ट्या पोलादाच्या असतात, त्यांचा सूर थंडी-उन्हाने फारसा सरकत नाही. वडील दिवसभर तेच सूर तपासत बसायचे आणि पोर टेबलाखाली खेळायची. तो सूर तिच्या डोक्यात कधी जाऊन बसला, हे तिलाही कळलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत सगळे घरच्या पियानोभोवती जमले होते. नव्या सुनेला सुरुवात करायला सांगितलं. तिने केली. मागून पियानो आला आणि दोघांची टक्कर झाली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तेव्हा आक्कांनी उजव्या हाताचं बोट जमिनीकडे करून गोड आवाजात सांगितलं होतं, "जरा वर लागतोय." सगळे प्रेमाने हसले. त्यानंतर भांडी पुसताना, पडदे लावताना, धाकटीला झोपवताना वहिनी काही गुणगुणल्या की आक्कांचं बोट खाली व्हायचं. पुढे पुढे तर पुस्तकातून मान वर न करतासुद्धा व्हायचं. वहिनींच्या तोंडाला हळूहळू कुलूप लागलं. घरचा सूर खाली आहे हे त्या घरात प्रत्येकाला माहीत होतं, आणि सून वर गाते हेही प्रत्येकाला माहीत होतं. या दोन गोष्टी कुणी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. वहिनींनीही नाही. आपण बेसूर आहोत हे त्यांनी मान्य करून टाकलं होतं, आपला पाय सपाट आहे हे मान्य करावं तसं.

म्हणून आता नळाखाली ताटं धरून उभ्या असताना त्यांना आनंद झाला नाही. राग आला. एवढा राग आला की धुतलेलं ताट त्यांनी पुन्हा धुतलं. तीस वर्षं. आपण मुलीला झोपवताना दार लावून घ्यायचो, हे त्यांना आठवलं.

मास्तर दाराशी येऊन उभे राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. ते म्हणाले, उद्या तिकिटांच्या टेबलाशी एखादा माणूस जास्तीचा लागेल का. वहिनी म्हणाल्या, नको.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातली बाकी मंडळी सभागृहात खुर्च्या मांडायला गेली होती. वहिनी स्वयंपाकघरात भांडी पुसून जागेवर लावत होत्या. आक्का वरच्या मजल्यावरून खाली आल्या. हातात ओबो, एक चाकू, लाकडाचा छोटा ठोकळा आणि धाकटीकडून मागून घेतलेली आखूड नळी. त्या नळीवर त्यांनी पहाटेपासून नवी रीड बांधली होती, बरूच्या दोन पातळ पात्या आणि त्यांना घट्ट गुंडाळलेला दोरा. धाकटीकडे नळी मागणं आक्कांना किती जड गेलं असेल, याचा वहिनींना अंदाज आला. त्यांनी तो चेहऱ्यावर दाखवला नाही.

आक्का खुर्चीवर बसल्या. त्यांनी फुंकून बघितलं. सूर कालच्यापेक्षा वर होता, पण खऱ्या सुराच्या अलीकडेच रेंगाळत होता.

"टोक कातरलं की चढतो," आक्का म्हणाल्या. "पण कुठे थांबायचं ते मला ऐकू येत नाही. माझा कान मला परत खाली ओढतो. जास्त कातरलं तर रीड गेली. एवढ्या वेळात दुसरी व्हायची नाही."

वहिनींनी एक पेला पुसला, उजेडात धरला, फडताळात ठेवला. मग दुसरा घेतला.

"फोन आहे की धाकटीचा."

"नको मला तो."

"मग पियानो आहे सभागृहात."

"तिथे सगळे आहेत."

वहिनींनी दुसरा पेलाही फडताळात ठेवला. नाक दाबलं की तोंड उघडतं, असं त्यांच्या मनात आलं, आणि आपल्या मनात असं यावं याचं त्यांना थोडं बरंही वाटलं.

"आक्का, तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही बाहेर जाऊन आला होतात. बाहेर सूर कुठे असतो ते या घरात तुम्हाला सगळ्यांत आधी कळलं होतं. मी वर नव्हते, हे तुम्हाला तरी माहीत होतं."

आक्कांनी चाकू मिटला आणि परत उघडला.

"पहिल्या दिवशीच कळलं," त्या म्हणाल्या. "तू तोंड उघडलंस आणि मला ती परीक्षेची खोली दिसली. मला तो सूर घरात नको होता."

वहिनींनी फडकं ओट्यावर टाकलं. निदान खोटं तरी बोलल्या नाहीत, एवढंच त्यांना त्या क्षणी वाटलं. राग होता तिथेच होता. फक्त आता तो कुठे ठेवायचा हे कळत नव्हतं.

"मी हे विसरणार नाही."

"'विसर' म्हणायला मी आलेच नाही. तू सूर म्हण, एवढं सांगायला आले."

वहिनी त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या. दोघींच्या मध्ये टेबल होतं आणि त्यावर कालची मिठाची बाटली. वहिनींनी सूर लावला. इतक्या वर्षांनी पूर्ण आवाजात लावल्यामुळे तो सुरुवातीला चिरकला, मग साफ झाला. आक्कांनी ऐकलं, फुंकलं, रीड ठोकळ्यावर ठेवून केसाएवढं टोक कातरलं, परत फुंकलं. वहिनी मान हलवत, अजून. परत कातरलं. मध्येच आक्का थांबून कवळी जागेवर बसवत, आणि वहिनी तेवढ्यापुरत्या खिडकीबाहेर बघत. शेवटी एकदा दोन्ही सूर असे भेटले की कुठला गळ्यातला आणि कुठला ओबोतला, ते स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या तिसऱ्याला सांगता आलं नसतं. तिसरं कुणी नव्हतं. आक्का उठल्या आणि आभार न मानता वर गेल्या. मानले असते तर वहिनींना आवडलं नसतं.

*

संध्याकाळी सभागृह भरलं. सुट्टीला गावी परतलेली माणसं आपापल्या नेहमीच्या खुर्च्या शोधत होती आणि वर्षभरात कोण जाड झालं याची चौकशी करत होती. धाकटी दुसऱ्या ओबोच्या जागेवर बसली होती, आत्याच्या डाव्या हाताला. तिच्या ओबोत रीड तयार होती. गरज पडली तर बाबा मान हलवतील, मग उभं राहायचं, असं ठरलं होतं. आपल्याला उभं राहायचं आहे की नाही, हे तिला सकाळपासून ठरवता आलं नव्हतं. मागे डबल बेसच्या आडून दंतवैद्य बहिणीच्या जबड्याकडे बघत होते. दुपारी त्यांनी तिला कवळी चिकटवायची नवी मलमाची नळी नेऊन दिली होती. तिने ती घेतली होती, पण त्यांच्याशी बोलली नव्हती.

दिवे मंद झाले. आक्का उभ्या राहिल्या. त्यांनी सूर दिला.

गावाला काही कळलं नाही, पण वहिनींना दाराशी उभ्या जागी कळलं. स्वयंपाकघर गरम होतं आणि सभागृह गार, त्यात चाळीस वर्षांची सवय ओठ खाली खेचत होती. सूर खरा नव्हता. घरचाही नव्हता. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, किंचित खाली होता. मास्तरांनाही काहीतरी खटकलं, आणि त्यांची नजर धाकटीकडे वळायला लागली.

सूर धरून ठेवूनच आक्कांनी मान वर केली. त्यांनी भावाकडे बघितलं नाही, पियानोकडे बघितलं नाही. सगळ्या माणसांच्या डोक्यांवरून त्यांनी दाराकडे बघितलं.

वहिनींनी 'बरोबर आहे' अशी मान डोलावली असती तर झालं असतं. आक्का बसल्या असत्या, पियानोने लगेच खोटं उघडं पाडलं असतं, आणि हे वहिनींनी केलं हे आक्कांशिवाय कुणाला कधी कळलं नसतं. तेवढं सोपं होतं ते. वहिनींनी तिकिटं डाव्या हातात घेतली, उजव्या हाताचं बोट काढलं आणि छताकडे केलं.

वर.

आक्कांनी ओठ आवळले. दंतवैद्यांनी डोळे मिटून घेतले. धाकटी आत्याच्या गळ्याची शीर ताणलेली बघत होती, आणि आपण उभं राहायचं नाही हे तिचं तिथे ठरलं. सूर चढला. थोडासा, आणखी थोडासा. मास्तरांचा हात हवेत तसाच थांबला होता. मग वहिनींनी बोट खाली घेतलं, पियानोवादकाने हलकेच पट्टी दाबली, आणि फट राहिली नाही. सगळ्या वाद्यवृंदाने तो सूर उचलला, पुढून मागे, मागून पुढे. आक्का खाली बसल्या आणि त्यांनी रुमालाने तोंड झाकलं.

उशिरा आलेलं एक जोडपं दाराशी घुटमळत होतं, दर सुट्टीला येणारं. नवऱ्याने कान टवकारला आणि वहिनींकडे वाकून तो कुजबुजला की यंदा जरा वर लागतोय, नाही का.

वहिनींनी त्याचं तिकीट फाडून अर्धं त्याच्या हातात दिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "बरोबर लागलाय."